परसदारचा पाट: बागेत ध्यानाला बसणाऱ्यांसाठी धागा

केशरी_देठ (सातारा)

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं करत बरेच दिवस गेले. इथे बागकामाचे धागे भरपूर आहेत, ध्यानधारणेवरही चर्चा झाल्या आहेत. पण बागेत बसून ध्यान करण्याबद्दल सलग कुठे काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

आधी थोडं माझ्याबद्दल. वडील चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. रात्रीची पाळी माझी. अकरा, एक, तीन, पाच. गेल्या वर्षी ज्येष्ठात ते गेले. भाड्याचा पलंग परत गेला, औषधांचा डबा रिकामा झाला, पण माझे डोळे मात्र तीनच्या ठोक्याला टक्क उघडत राहिले. उठायचे, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि मग लक्षात यायचं. पुढे उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

मैत्रिणीने सुचवलं म्हणून एका ध्यानवर्गाला नाव घातलं. बंद हॉल, पडदे ओढलेले, आणि "मन रिकामं करा" अशी सूचना. डोळे मिटले की मला वडिलांच्या श्वासाची घरघर ऐकू यायची. चौथ्या दिवशी छाती इतकी धडधडायला लागली की मी चपला न घालता बाहेर आले. ध्यान आपल्यासाठी नाही, असं तेव्हा मनाशी पक्कं केलं.

मग भाद्रपदात एका पहाटे पुन्हा तीनला जाग आली. त्यांच्या खोलीकडे न जाता मागचं दार उघडलं आणि विहिरीजवळच्या पारिजातकाखाली पाट टाकून बसले. ध्यानबिन काही डोक्यात नव्हतं, घरात थांबवत नव्हतं एवढंच. अंधार होता. थोड्या वेळाने वाळक्या पानावर काहीतरी टपकल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या बाजूला. पाऊस नव्हता. पारिजातकाची फुलं पडत होती. त्या फुलाला वजन ते काय, पण आजूबाजूला शांत असेल तर वाळक्या पानावरचा त्याचा आवाज ऐकू येतो. मी पुढच्या आवाजाची वाट बघत बसले. एक झाला की दुसऱ्याची. मध्येच केव्हातरी लक्षात आलं की माझा श्वास पोटापर्यंत जातोय. चौदा महिन्यांत तो गेला नसावा.

उजाडलं तेव्हा पाहिलं, बहुतेक फुलं पालथी पडलेली. पांढऱ्या पाकळ्या मातीला लागलेल्या आणि केशरी देठ वर.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. रोज बसते. तीनला नाही, आता पाच-सव्वापाचला जाग येते. कुणाला उपयोग होईल म्हणून मला कळलेलं सांगते.

पहिलं म्हणजे मी सगळी बाग बघत नाही. एकच झाड, एकच जागा, एकच वेळ. बाग "बघायला" लागलं की मन या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारतं. एकाच झाडापाशी रोज बसलं की त्याची ओळख होत जाते. काल ही कळी मिटलेली होती, आज उमललीय, हे पान काल इतकं पिवळं नव्हतं. मन भरकटणारच, ते माझंही भरकटतं. पण परत यायला जागा असते आणि ती जागा रोज जराशी नवी असते. बंद खोलीत मला परत यायला फक्त माझं डोकंच होतं.

दुसरं, आणि बागकाम करणाऱ्यांना हे लगेच पटेल, बसताना खुरपी जवळ ठेवायची नाही. पहिले पंधरा दिवस माझा सगळा वेळ यातच गेला. बसले की अळवाच्या वाफ्यात उगवलेला लव्हाळा दिसायचा आणि हात शिवशिवायचे. तो उपटायला उठले की मग आळं नीट कर, नळी हलव, वाळकी फांदी छाट, अर्धा तास गेलाच. आता ठरवून टाकलंय, त्या वीस मिनिटांत बाग जशी आहे तशी. लव्हाळा असला तर असू दे. तो नंतरही तिथेच असतो.

डोळे मी मिटत नाही. नजर जमिनीवर, चार-पाच हातांवर ठेवते. श्वास बाहेर सोडताना मुद्दाम लांबवते. बाकी काही करत नाही.

तुमच्यापैकी कोण असं बसतं? कुठे? बाग नसलेल्यांनी काय केलं? वाचायला आवडेल.

मुठाकाठ (पुणे)

ताई, पारिजातकाच्या आवाजाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या वाड्यात पारिजातक होता, पण तो आवाज कधी ऐकल्याचं आठवत नाही. आम्ही उठेस्तोवर आजी परडी भरून मोकळी झालेली असायची.

मी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जातो, आठवड्यातून चार दिवस, सकाळी दार उघडलं की लगेच. दहा एकरांची बाग आहे, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली. मला तिथे बसण्यापेक्षा चालणं जमतं. वळणावळणाच्या वाटा, पाण्याचा सतत आवाज, छोटे पूल. तीन फेऱ्या मारतो, अगदी सावकाश, फोन गाडीत ठेवून. दुसऱ्या फेरीत कधीतरी डोक्यातली कामांची यादी थांबते. साडेसातनंतर गर्दी होते, मग मी निघतो.

याला ध्यान म्हणायचं का, मला माहीत नाही. पण रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून हे चालणं मी चुकवलेलं नाही.

क्योतोकर

मुठाकाठ, तुम्ही नकळत अगदी बरोबर करताय. कोराकुएन ही मुळात फिरायची बाग आहे. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये काम सुरू करवलं आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. अशा बागेत वाट मुद्दाम वळवलेली असते, टेकाड किंवा झाड मध्ये घालून पुढचं दृश्य झाकलेलं असतं. चार पावलं टाकल्याशिवाय पुढचं दिसत नाही, त्यामुळे पाऊल आपोआप हळू पडतं. पुण्यातल्या बागेतही तळ्याकाठची वाट तशीच फिरते.

बसून बघायच्या बागा इथे वेगळ्या असतात. मी नोकरीनिमित्त क्योतोत आहे. इथल्या र्योआनजी मंदिरातली बाग म्हणजे पांढरी रेती आणि पंधरा दगड. झाड म्हणावं असं आत एकही नाही, दगडांच्या पायाशी थोडं शेवाळ, बस्स. पडवीच्या फळ्यांवर बसायचं. कुठेही बसा, एकदम चौदाच दगड दिसतात, एक कुठल्यातरी दगडाआड जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पंधरावा शोधण्यात वेळ घालवला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती मोजदाद सुटली.

पण मला जास्त भावली ती साइहोजी, शेवाळाची बाग. तिथे आधी परवानगी घेऊन जावं लागतं. तिथली पद्धत अशी की गेल्याबरोबर बागेत सोडत नाहीत. आत बसवून कुंचल्याने बौद्ध सूत्र लिहायला देतात. मला लिपी नीट येत नव्हती, फिकट छापलेल्या अक्षरांवरून कुंचला फिरवत होतो. मान दुखली, पण ते संपवून बाहेर आलो तेव्हा शेवाळाचे वेगवेगळे हिरवे रंग दिसायला लागले. रस्त्यावरून थेट आत गेलो असतो तर सगळं एकच हिरवं दिसलं असतं. केशरी_देठताई खुरपी बाजूला ठेवतात, तो मला याच जातीचा भाग वाटतो. आत शिरण्याआधी हातातलं काहीतरी खाली ठेवावं लागतं.

आनापान (नाशिक)

लेख मनापासून लिहिलाय, आवडला. थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

मी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांची शिबिरं चार वेळा केली आहेत. तिथे पहाटे चारला घंटा होते, दहाव्या दिवशी सकाळपर्यंत मौन, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. डोळे मिटलेले. आधार कशाचाच नाही, ना मंत्राचा, ना मूर्तीचा, ना फुलाचा. मुद्दा असा की जे सुखद आहे त्याला मन चिकटतं. आज पारिजातकाच्या आवाजाने शांत वाटलं, उद्या फुलं संपली की काय? मार्गशीर्षानंतर झाड रिकामं होईल तेव्हा शांतताही जाईल का? बागेची कुबडी होऊ नये, एवढंच म्हणतो.

केशरी_देठ

आनापानजी, राग कसला? तुमचा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचं उत्तर झाडानेच दिलं.

पौषात फुलं थांबली. मी तिथेच बसत राहिले. पारिजातकाचं पान कधी हाताने चोळून पाहिलंय? पॉलिश पेपरसारखं खरखरीत असतं. फुलांच्या दिवसांत मला ते कधी जाणवलंच नव्हतं. मग शेंगा दिसल्या, चपट्या, गोल, रुपयाएवढ्या. उन्हाळ्यात पानं मलूल होऊन लोंबायला लागली, झाड अगदी बिचारं दिसायला लागलं. त्या झाडासमोर बसणं सुखद मुळीच नव्हतं. खरं सांगते, वैशाखात दोन आठवडे नुसतं बसायचं म्हणून बसले. रडूही यायचं. पण उठून पळावंसं वाटलं नाही.

डोळे मिटून बसणं मी कमी लेखत नाही. मला ते जमलं नाही, भीती वाटली, आणि "अजून प्रयत्न करा" म्हणणाऱ्यांनी ती भीती वाढवली. कुबडी म्हणालात तर ती कुबडीच. पाय मोडलेला असताना मिळाली.

संत्र्याचा_मळा (नागपूर)

आनापान भाऊंच्या मुद्द्याला थोडं जोडतो. बुद्धाच्या काळची निवासस्थानं आठवा. जेतवन, वेळुवन, जीवकाचं आम्रवन. सगळ्या बागा आणि वनंच. वेळुवन राजा बिंबिसाराने दिलं. जेतवनासाठी अनाथपिंडिक या सावकाराने जमिनीवर सोन्याची नाणी अंथरल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पालीत बागेला शब्दच "आराम" आहे. विहार बांधायचा तर आधी आराम हवा, म्हणजे सावली, पाणी, गावापासून फार लांब नाही आणि फार जवळही नाही अशी जागा.

आणि चालत करायच्या ध्यानालाही जुनी परंपरा आहे, चंक्रमण. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या बाजूला चंक्रमणाची जागा दाखवतात, दगडी कमळं आहेत तिथे. मी दोनदा गेलो.

आमच्या वस्तीतल्या विहारामागे पिंपळ आहे, बोधिवृक्ष म्हणूनच लावलेला. आजोबा रोज पहाटे पाचला त्याच्या पाराजवळ तीस पावलं जायचे, तीस पावलं यायचे. लहानपणी वाटायचं, त्यांचं काहीतरी हरवलंय. आता मी तेच करतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा पहाटेची पाच ते सहा एवढीच वेळ हाताशी असते. पिंपळाचं पान जराशा वाऱ्यानेही सळसळतं, देठ लांब आणि बारीक असतो ना, म्हणून. बाकीची झाडं गप्प आणि हा एकटा बोलत असतो. त्या सळसळीत पाऊल टाकायचं.

आगरातली (गुहागर)

आमच्या आगरात बसायचं म्हणजे डासांची परवानगी घ्यावी लागते. पोफळी, नारळ, केळी, पाटाने सोडलेलं पाणी, सगळीकडे ओल. संध्याकाळी बसणं अशक्य. सकाळी ऊन खालपर्यंत पोचलं की बरं असतं. मी कडुनिंबाचा वाळका पाला धुमसवून ठेवते, पूर्ण बाह्यांचा सदरा घालते. आणखी कुणाकडे उपाय?

स्टेथो (पुणे)

डॉक्टर म्हणून तीन गोष्टी. लांबेल, पण गरजेचं आहे.

डासांचं आधी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी, म्हणजे नेमका आपल्या बसण्याच्या वेळी. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, नारळाच्या करवंट्या, झाडाखाली विसरलेली बादली. आठवड्यातून एकदा सगळं पालथं करून घासून घ्या. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम पुरतो. धुराने दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, घरात कुणी असेल तर तो उपाय नको.

दुसरं, केशरी_देठताई श्वास सोडताना लांबवतात, त्यामागे शरीराचं साधं गणित आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. मनगटावर बोट ठेवून कुणालाही तपासता येईल, तरुणांना जास्त स्पष्ट जाणवतं. उच्छ्वास लांबवला की त्या मंद ठोक्यांना जास्त वेळ मिळतो. झाडांबद्दल सांगायचं तर रॉजर अलरिक यांचा १९८४ चा निबंध वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. पेन्सिल्वेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण तेव्हापासून रुग्णालयाच्या खिडकीकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर बागेत बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या तर झोप आणखी उडते, घबराट वाढते, क्वचित झटकेही येतात. कमी करायच्या तर डॉक्टरला विचारून, टप्प्याटप्प्याने. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर पाटावर एकटं बसू नका. माणसाकडे जा, लगेच.

हळदीचं_पान

स्टेथो यांच्या शेवटच्या मुद्द्यावर माझा अनुभव, दोन वर्षं मागचा.

मला नैराश्याचं निदान झालं होतं आणि घरच्यांनी प्रेमाने सांगितलं, बागेत बस, बरं वाटेल. मी बसायचे. तास तास. समोर जास्वंद फुललेली असायची आणि मला काहीच वाटायचं नाही. उलट "एवढं सुंदर समोर असून मला काही वाटत नाही" हा विचार गोल गोल फिरत राहायचा. ते ध्यान नव्हतं, ते एकाच खड्ड्यात रुतणं होतं. औषधं लागू पडायला काही आठवडे गेले. त्या काळात मला बसण्याने नाही, हाताच्या कामाने सावरलं. बहिणीने गच्चीवर हळदीचे कंद लावायला दिले. माती भुरभुरीत करायची, शेणखत मिसळायचं, कंदाचा डोळा वर ठेवायचा. बोटांना काम होतं आणि डोक्याला तेवढी सुट्टी.

म्हणून केशरी_देठताई, तुमचा खुरपी बाजूला ठेवायचा नियम मला उलटा लागू पडला. मला आधी खुरपी हवी होती. बसणं सहा महिन्यांनी आलं, तेही दहा मिनिटं. कुणी अशा काळात असेल तर स्वतःवर बसण्याची सक्ती करू नका, हे सांगावंसं वाटलं.

केशरी_देठ

हळदीचं_पान, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी नियमासारखं लिहिलं खरं, ते मागे घेते. वरचं वाचून कुणी येणार असेल तर त्याने तुमचा प्रतिसाद आधी वाचावा.

डोंबिवली_लोकल

आमच्याकडे बाग नाही, ग्रिल आहे. चार कुंड्या: तुळस, गोकर्ण, कोरफड, एक पुदिन्याचा डबा. समोर दुसऱ्या इमारतीचा डक्ट, खाली रिक्षा, शेजारी टीव्ही. सकाळी ६:५२ ची गाडी. एवढ्यात कसलं ध्यान, असं म्हणून धागा बंद करणार होते, पण ताईंचं "एकच झाड" वाचून गोकर्णासमोर पाच मिनिटं बसून पाहिलं. आठ दिवस झाले. गोकर्णाचा वेल ग्रिलच्या गजाला वेढा घालतो. दोन दिवसांत त्याने एक पूर्ण वेटोळा घेतला. रोज बघतेय म्हणून कळलं.

आवाजाचं काय करायचं पण? समोरचा कुकर, भांडी, हॉर्न. चिडचिड होते.

ओवीकार (पंढरपूर)

डोंबिवली_लोकल, आवाजाबद्दल आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाला बसायची जागा कशी असावी, याचं वर्णन येतं. गीतेत याबद्दल "शुचौ देशे" एवढेच दोन शब्द आहेत. माउली त्याची अख्खी बाग करतात. मुळासकट गोड अशी दाट झाडं, पावलोपावली निर्मळ पाणी, कोवळं ऊन, मंद वारा. तिथे बसलं की उठावंसं वाटत नाही.

मग शांततेचा विषय येतो. जागा बहुतेक करून निःशब्द असावी, श्वापदांची गर्दी नको, पोपट आणि भुंगेही नकोत. इथपर्यंत नियम कडक आहे. आणि लगेच पुढे माउली सैल होतात. पाण्याजवळ हंस असले, दोन-चार सारस असले, एखाद्या वेळी कोकिळा येऊन बसली तरी चालेल. मोर कायम नकोत, पण आले गेले तर "आम्ही ना न म्हणों".

या चार शब्दांवर माझा फार जीव आहे. आवाज बंद करा असं ते म्हणत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाही म्हणू नका, एवढंच. कुकरची शिट्टी काही मोर नाही, मान्य. पण तीही येते आणि जाते. आणि पुढे ते मठ किंवा शिवालय सुचवतात, तेव्हाही म्हणतात की दोन्हींपैकी जे चित्ताला मानवेल ते घ्या. गोकर्णाची कुंडी चित्ताला मानवत असेल तर तीच घ्या.

आनापान

ओवीकार, "आम्ही ना न म्हणों" हे वाचून थांबलो. शिबिरात आम्हाला हेच दुसऱ्या शब्दांत शिकवतात, जे आहे ते बघा, हाकलू नका, धरून ठेवू नका.

आणि एक कबूल करायला हवं. दहा दिवसांत मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हॉलमधलं बसणं नाही. जेवणानंतर झाडांखालच्या वाटेवर मुकाट फिरायचो ते आठवतं. सहाव्या दिवशी एका तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक सुरू होतं. तो थांबला तेव्हा मला कळलं की मी कितीतरी वेळ फक्त ते ऐकत होतो. केशरी_देठताई, कुबडी हा शब्द मी मागे घेतो.

मुठाकाठ

तांबटाचं खरंय. उन्हाळ्यात तो एका लयीत इतका वेळ बोलतो की त्यावर श्वास मोजता येतात. मी चार टुकांना श्वास आत, सहा टुकांना बाहेर असं करून पाहिलंय. त्याची लय जरा जलद असते, आकडे आपल्या सोयीने वाढवावे लागतात.

रात्रपाळी

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आईला मार्चमध्ये पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ताई, तुमचं अकरा-एक-तीन-पाच वाचलं आणि पुढे वाचवेना. मी सध्या तेच करतोय. बायको दिवसा, मी रात्री. घर तिसऱ्या मजल्यावर. आईला सोडून गच्चीवर जाता येत नाही, खाली बागेत तर नाहीच. तुम्हाला ते चौदा महिने चालू असताना बसता आलं असतं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

केशरी_देठ

दादा, खरं उत्तर द्यायचं तर नसतं आलं. तेव्हा कुणी मला "स्वतःसाठी वीस मिनिटं काढ" म्हटलं की रडू यायचं. वीस मिनिटं कुठून काढू? त्यामुळे तुम्हाला तसं सांगणार नाही.

पण एक गोष्ट तेव्हा सुचली असती तर केली असती. आमच्या वडिलांचा पलंग भिंतीकडे तोंड करून होता, पंख्याच्या आणि प्लगच्या सोयीने. चौदा महिने त्यांनी भिंत बघितली. खिडकी त्यांच्या डोक्यामागे होती. खिडकीबाहेर पारिजातकाची फांदी दिसायची, मला, त्यांना नाही. स्टेथो यांनी विटांच्या भिंतीबद्दल लिहिलं ते वाचल्यापासून हे मनातून जात नाहीये.

पलंग फिरवता येतो का बघा. खिडकीत दोन कुंड्या ठेवा. कूस बदलून झाली की लगेच उठू नका, तिच्या शेजारी दोन मिनिटं तिकडेच बघत बसा. वेगळा वेळ काढू नका, तिथेच बसा.

स्टेथो

पलंग फिरवताना एक बघा. पक्षाघातानंतर काही रुग्णांना एका बाजूचं दिसत नाही किंवा त्या बाजूकडे लक्षच जात नाही. उजवी बाजू गेली असेल तर कुंडी सुरुवातीला डाव्या हाताला, सहज नजरेत येईल अशी ठेवा. फिजिओथेरपिस्टला विचारून हळूहळू मध्याकडे आणा. आणि तुमची स्वतःची झोप किती होते, ते पुढच्या भेटीत आईच्या डॉक्टरांना सांगा. काळजी घेणाऱ्याबद्दल आपणहून कुणी विचारत नाही.

आगरातली

रात्रपाळी दादा, जास्वंद लावा खिडकीत. लाल, एकेरी पाकळीची, गावठी. तिच्यावर शिंजिर हे चिमुकले पक्षी येतात. तिसऱ्या मजल्यावरही येतात, माझ्या भावाकडे ठाण्यात येतात.

डोंबिवली_लोकल

गोकर्णाला पहिलं फूल आलं, निळं. कुकर चालूच आहे. चिडचिड कमी झालीय, गेली नाही. वेळ सात मिनिटांवर आलीय, ६:५२ मुळे त्यापुढे जात नाही.

हळदीचं_पान

डोंबिवली, सात मिनिटं खूप झाली.

रात्रपाळी

महिन्याने लिहितोय. पलंग फिरवला, प्लगसाठी लांब वायर घेतली. डाव्या बाजूला तुळस आणि गावठी जास्वंद ठेवली. पहिले आठ-दहा दिवस काही नाही, आई छताकडेच बघायची. मी मात्र रात्री एकला आणि तीनला कूस बदलून झाली की तिथेच स्टुलावर टेकायचो. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जास्वंदीच्या पानांवर पडतो. कळी रात्री पिळलेल्या रुमालासारखी असते. पाचला येतो तेव्हा पीळ थोडा सैल झालेला असतो. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाचची पाळी आता मला जड जात नाही.

परवा सकाळी शिंजिर आला. चकचकीत जांभळा, नर होता. फुलाच्या देठावर उलटा लटकून त्याने मागच्या बाजूने चोच घातली. मी आईला दाखवायला वळलो तर तिने आधीच डावा हात उचलला होता. बोट खिडकीकडे.

आज तिला कुंडीला पाणी घालायचं होतं. झारी डाव्या हातात दिली. पेलली नाही, सगळं पाणी चादरीवर. ती हसली, अर्ध्या तोंडाने. उद्या छोटा तांब्या देणार आहे.